पांजरपोळाचे तळे आणि श्वासाचे दान

गोदावरीच्या खोऱ्यातील एका तालुक्याच्या गावी मोंढा ओलांडून दोन किलोमीटर पुढे गेले, की उसाच्या फडांआडून पांजरपोळाची दगडी कमान दिसू लागते. आत चिंचेची जुनी झाडे, डाव्या हाताला भाकड गायींचा गोठा, उजवीकडे कबुतरांचा चबुतरा आणि त्यामागे चारही बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेले तळे. लांबी ६० फूट, रुंदी ४० फूट आणि भर श्रावणात खोली ७ फूट. आलेली मंडळी बहुधा गोठ्यापाशीच थांबतात, चाऱ्याची पावती करतात आणि परततात. पाहण्याजोगे खरे तर तळेच आहे.

ज्यांनी पावापुरीची यात्रा केली आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर कमळांनी भरलेले सरोवर आणि त्याच्या मध्यभागी उभे असलेले जलमंदिर येईल. भगवंतांच्या अग्निसंस्काराच्या जागेवरील रक्षा आणि माती भाविकांनी इतकी उचलली, की तेथे सरोवरच झाले, ही परंपरेने सांगितलेली कथा. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर वाऱ्याला खेळायला मोकळीक असते. पांजरपोळाचे तळे उंच भिंतींच्या कुशीत दडलेले. वारा वरच्या वर निघून जातो आणि पाणी निश्चल राहते.

या तळ्यात मासे आले ते आपल्याच जीवदयेतून. पर्युषणात बाजारातून जिवंत मासे सोडवून येथे आणण्याचा प्रघात पडला. भावना निर्मळ, परंतु हे तळे किती जिवांना पोसू शकेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही. व्यापाऱ्यांच्या समाजात एवढा एकच हिशेब राहून जावा, हे नवलच! शिवाय येणारा प्रत्येक जण कणकेच्या गोळ्या आणि कुरमुरे टाकणार. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते.

दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात सलग चार दिवस आभाळ भरून होते. पाचव्या पहाटे राखणदाराला सारे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले. उजाडेपर्यंत शेकडो मासे पायऱ्यांलगत उलटे तरंगत होते. पाण्यात कोणी विष टाकले, अशी कुजबुज गावात झाली. कारण वेगळेच होते. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो; तेवढ्याच पाण्यात, २० अंश तापमानाला, जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो आणि ३० अंशांना साडेसातच्या आसपास. दिवसा हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते, रात्री तेच शेवाळ तो वापरते. म्हणून पहाट ही तळ्याची सर्वांत कठीण घटका, आणि आभाळ भरलेले असले की दिवसाची कमाईही बुडते.

उपाय म्हणून कारंज्याची सूचना पुढे आली. विश्वस्तांमधील एका वयोवृद्ध श्रावकांनी हरकत घेतली: पाण्याचा पंप पाण्यासोबत लहान पिलेही ओढून घेईल, आपण पाणी गाळून पितो, जीवाणी परत आडात सोडतो, आणि येथे यंत्राच्या पात्यांत जीव घालायचे? दुसऱ्यांचे म्हणणे असे, की वीज म्हणजे तेउकायाची विराधना, पाणी ढवळणे म्हणजे अप्कायाची; यंत्रच नको. चातुर्मासासाठी विराजमान महाराजसाहेबांकडे प्रश्न गेला, तेव्हा ते मौन राहिले. आरंभाच्या कामाला अनुमोदन देणे साधूच्या मर्यादेत बसत नाही. निर्णय श्रावकांनीच करायचा असतो. अखेर दहा प्राणांची आठवण निघाली. श्वासोच्छ्वास हा त्यांतील एक. पंचेन्द्रिय जिवाचा तो प्राण डोळ्यांदेखत जात असताना हात बांधून बसणे ही जयणा नव्हे, असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याहून योग्य वाटते ती त्यातून निघालेली रचना.

पंप घेतला तो हवेचा. तो फक्त हवा ओढतो, म्हणून पात्यांत जीव जाण्याचा प्रश्नच उरला नाही. मत्स्यपेटीचा छोटा पंप येथे चालत नाही, कारण दर मीटर खोलीला सुमारे ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लागतो. म्हणून १०० वॅटचा, पडद्यावर चालणारा पंप आणला आणि तो पाण्याच्या पातळीहून उंच, जाळीदार पेटीत बसवला. वीज गेल्यावर पाणी नळीतून उलट चढू नये म्हणून एकदिशा झडप लावली. पंपातून निघणारी हवा गरम असते; पहिले चार फूट लोखंडी नळ, पुढे ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची नळी. सायकलच्या तीन जुन्या रिंगांवर सच्छिद्र रबरी नळी गुंडाळून त्या तळ्यात सोडल्या, पण तळाला टेकवून नव्हे, दगडांवर एक फूट उंच. तळचा गाळ आणि त्यातले जीव ढवळले जाऊ नयेत म्हणून. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने सामान खरेदीच्या भावात दिले. सारा खर्च ११ हजारांत बसला.

बुडबुड्यांमधून पाण्यात हवा मिसळते हे अर्धेच खरे. त्यांचे मोठे काम वेगळे: वर चढताना ते तळचे कोंदलेले पाणी सोबत उचलून आणतात आणि पृष्ठभागावर त्याची मोकळ्या हवेशी गाठ घालून देतात. याच कारणाने पहिल्या दिवशी पंप केवळ १५ मिनिटे चालवला आणि मग रोज वेळ दुप्पट केला. तळचे दूषित पाणी एकदम वर आले असते, तर वाचवायला निघालेल्यांच्याच हातून मासे मेले असते.

आता पंप सूर्यास्तानंतर सुरू होतो आणि उजाडल्यावर बंद. दहा तासांना एक युनिट वीज लागते. कणकेच्या गोळ्या बंद झाल्या. मासे सोडायला आणणाऱ्यांना राखणदार हात जोडून नदीची वाट दाखवतो. गोळ्यांऐवजी ‘एका रात्रीच्या श्वासाची तिथी’ लिहून घेण्याची वही कार्यालयात ठेवली आहे. एवढ्या लहान रकमेची संगमरवरी पाटी लावता येत नाही, ही विश्वस्तांची अडचण. तरी कार्तिकापर्यंतची पाने भरली आहेत, आणि बऱ्याच नोंदी मुलांच्या हस्ताक्षरात आहेत.