गुलमंडीपर्यंत न पोचलेली मोटार

बालमित्रांनो, छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला आलात, की वेरूळची लेणी, बीबी का मकबरा आणि पाणचक्की तुम्ही बघणारच. पण एक संध्याकाळ गुलमंडीसाठी राखून ठेवा, बरं का! गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. आता मात्र इथे फुलांपेक्षा साड्या आणि कापडाचीच दुकानं जास्त दिसतील. दिवाळीच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसते.

पैठण गेटपासून टिळक पथाने चालत निघा. चालतच हं! गुलमंडी चालत बघायची जागा आहे. चौकातल्या सुपारी मारुतीला नमस्कार करा आणि आजूबाजूच्या वस्त्यांची नावं विचारत चला. रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार... काही लक्षात आलं? रंगारी कापड रंगवतात, कुंभार मडकी घडवतात आणि कासार तांब्या-पितळेची भांडी करतात. या जुन्या शहरात वस्तू करणारा माणूस कुठे राहतो, ते गल्लीच्या नावावरूनच कळायचं.

आता जरा रस्त्याकडे बघा. सायकली, स्कूटर, मोटारसायकली, हातगाड्या आणि मधूनच वाट काढणारी रिक्षा. मग या गाड्या करणाऱ्यांची गल्ली कुठे आहे? ती शहराबाहेर आहे आणि भली मोठी आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. तिथे शेकडो यंत्रं आणि हजारो हात लागतात.

पण समजा, कासार जसा आपल्या दुकानात बसून हंडा घडवतो, तशी एखाद्याने स्वतःच मोटार घडवायची ठरवली तर? तुम्ही म्हणाल, "छे, बाई! असं कुठे होतं का?"

झालं आहे! आणि आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातलं इचलकरंजी हे गाव मागांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे शंकरराव कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ होते. शिक्षण बेताचंच, पण यंत्रांची समज मोठी! साध्या माणसाला परवडेल अशी छोटी मोटार आपण करायची, असं त्यांनी मनात घेतलं आणि १९४९ साली दोन माणसांची गाडी तयार केली. तिला रीतसर नंबरही मिळाला, एम.एच.के. १९०६. गाडीचं नाव काय ठेवलं असेल? 'मीरा'!

मीराची एक गंमत ऐका. खड्ड्यांतून जाताना धक्के बसू नयेत म्हणून गाड्यांना लोखंडी पाटे किंवा स्प्रिंगा असतात. शंकररावांनी त्यांच्याऐवजी रबराचा उपयोग केला. मग ते नवनवे नमुने करत गेले. एक झाला की त्यातल्या उणिवा शोधायच्या आणि पुढचा करायचा. असं पंचवीसेक वर्षं चाललं! पुढच्या गाडीत चार माणसांची सोय झाली. इंजिन मागच्या बाजूला गेलं. ही गाडी साधारण १२,००० रुपयांत देता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्या काळी फियाट किंवा अँबॅसडर घ्यायची तर पैसे मोजूनही वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे.

मग मीरा रस्तोरस्ती दिसायला हवी होती, नाही का? पण तसं झालं नाही. थोडे नमुने झाले, ते रस्त्यावर धावले, पण कारखाना काही उभा राहिला नाही.

असं का झालं? पुन्हा रंगारगल्लीत या, म्हणजे समजेल. एक ओढणी सुरेख रंगवणं ही कला आहे. पण तोच रंग, तीच छटा हजार ओढण्यांवर आणायची तर मोठे हौद हवेत, माणसं हवीत आणि पैसा हवा. मोटारीचं तर त्याहून अवघड. तिचे शेकडो सुटे भाग दर वेळी अगदी सारखे व्हावे लागतात. शिवाय त्या काळात मोटारींचा कारखाना काढायला सरकारी परवाना लागे आणि करांचा बोजाही असे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. तिच्यामागे सरकार होतं आणि जपानची सुझुकी कंपनी होती. एकट्या माणसाने त्यांच्यापुढे कसं टिकायचं?

असं फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. अमेरिकेत चार्ल्स आणि फ्रँक ड्युरिया नावाचे दोघे भाऊ होते. मूळचे सायकलींच्या धंद्यातले. त्यांनी एका जुन्या घोडागाडीवर इंजिन बसवलं आणि १८९३ साली स्प्रिंगफील्ड गावात ती चालवून दाखवली. १८९५ च्या नोव्हेंबरात शिकागोला मोटारींची शर्यत झाली. रस्त्यावर बर्फ साचलेलं. सहा गाड्या निघाल्या, त्यांतल्या दोनच परत पोचल्या. पहिला आला फ्रँक! पुढच्याच वर्षी या भावांनी एकसारख्या १३ गाड्या केल्या. अमेरिकेत एकाच नमुन्याच्या इतक्या गाड्या त्याआधी कुणी केल्या नव्हत्या. पण थोड्याच वर्षांत भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि कंपनी बंद पडली.

त्यानंतर आला हेन्री फोर्ड. १९१३ साली त्याने सरकत्या पट्ट्याची युक्ती काढली. कामगार जागेवर उभे आणि गाडीच त्यांच्यापुढून सरकत जायची. पूर्वी जी जोडणी करायला बारा तासांहून अधिक वेळ लागायचा, ती दीड तासात होऊ लागली. गाड्या स्वस्त झाल्या, आणि हाताने थोड्या थोड्या गाड्या करणारे छोटे कारखानदार एकामागून एक मागे पडले.

मग शंकररावांची सगळी मेहनत फुकट गेली म्हणायची का? मला नाही तसं वाटत. २००८ साली टाटांनी एक लाखाची नॅनो दाखवली, तेव्हा वर्तमानपत्रांना इचलकरंजीच्या मीराची आठवण झाली. नॅनोचंही इंजिन मागेच होतं! सामान्य माणसाच्या छोट्या गाडीचा विचार इचलकरंजीत त्याच्या कितीतरी आधी झाला होता. पुढे नॅनोही २०१८ मध्ये थांबली. म्हणजे पाठीशी मोठा कारखाना असला तरी स्वस्त मोटार करणं आणि ती खपवणं किती कठीण, ते बघा.

गुलमंडीत आजही खरी सोयीची गाडी म्हणजे रिक्षाच. तिची रुंदी साधारण १.३ मीटर. म्हणून ती माणसं, हातगाड्या आणि सायकली यांच्यामधून निघून जाते. मोठी मोटार इथे शिरली की पुढच्या-मागच्या सगळ्यांचाच खोळंबा!

तेव्हा मुलांनो, येत्या रविवारी एक काम करा. आपल्या गावातली सगळ्यांत अरुंद गल्ली शोधा आणि आईबाबांना बरोबर घेऊन ती टेपने मोजा. मग वहीत त्या गल्लीतून जाईल अशी मोटार काढा. आजी बसली पाहिजे, बाजाराची पिशवी मावली पाहिजे आणि वळण घेता आलं पाहिजे. पहिलं चित्र जमणार नाही. मग त्यातल्या उणिवा शोधा आणि दुसरं काढा. शंकररावांनी पंचवीस वर्षं हेच केलं होतं.