नळावरच्या मावशी

प्रत्येक वस्तीत एक घर असं असतं, की ज्याची कडी रात्री साडेअकरालाही वाजवता येते. कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या असतात, कुणाचा मुलगा पोलीस चौकीत बसवून ठेवलेला असतो, कुणाच्या घरी म्हातारं माणूस गेलेलं असतं आणि आता पुढं काय करायचं हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. तुमच्याही आळीत, वाड्यात किंवा सोसायटीत असं एखादं घर असेल. आमच्या गोरेगावच्या चाळीत ते तळमजल्यावरचं, जिन्याला लागून असलेलं घर होतं. त्या घरातल्या मावशी गेल्या श्रावणात गेल्या. वय ८१.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. 'नाव कशाला छापता, पाणी येत नाही ते छापा,' असं म्हणून त्यांनी वार्ताहरांना दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. चाळ त्यांना 'नळावरच्या मावशी' म्हणत असे. माझ्या लहानपणी चाळीला एकच सार्वजनिक नळ होता आणि पहाटे चारला पाणी यायचं. हंडे, कळश्या, डालड्याचे डबे रांगेत लागायचे आणि रांगेच्या टोकाला पदर खोचून मावशी उभ्या असायच्या. पहिल्या फेरीत घरटी दोन हंडे. घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तर तिसरा. बाकीच्यांनी दुसऱ्या फेरीपर्यंत थांबायचं. हा नियम त्यांनी खडूनं भिंतीवर लिहून ठेवला होता आणि पावसानं पुसला की पुन्हा लिहायच्या. त्यांचा स्वतःचा हंडा रांगेत सगळ्यात शेवटी असायचा. पुढं घरोघरी नळ आले, पण नाव तेच राहिलं.

मुंबईबाहेरच्या वाचकांना गोरेगावचं आणि पाण्याचं नातं थोडं सांगायला हवं. पश्चिम रेल्वेवरचं हे उपनगर. साठच्या दशकात इथं माणसं भराभर वाढली आणि पाणी मात्र तेवढंच राहिलं. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात उडी घेतली होती. १९५८ साली त्यांचे पती केशव ऊर्फ बंडू गोरे वारले, त्यानंतरही त्यांनी गोरेगावातलं काम सोडलं नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि पाण्यासाठी इतक्या लढल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. आमच्या मावशी कोकणातून लग्न होऊन गोरेगावात आल्या त्या याच काळात. नवरा कारखान्यात रात्रपाळीला आणि नवी नवरी पहाटे नळावर. शेजारणीनं एकदा सभेला ओढून नेलं, एवढीच त्यांच्या समाजकार्याची सुरुवात.

१९७२ साली दुष्काळ आणि महागाई यांनी महाराष्ट्र होरपळत होता. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. तेल, साखर, रॉकेल यांसाठी बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मावशी त्या मोर्चांत मागच्या रांगेत होत्या. मागच्याच, हे त्या आवर्जून सांगायच्या. 'पुढच्यांचे फोटो आले, मागच्यांनी घरी येऊन त्याच लाटण्यानं पोळ्या लाटल्या,' असं म्हणून खो खो हसायच्या. ते लाटणं अगदी परवापर्यंत त्यांच्या ओट्यावर होतं.

मृणालताई पुढं आमदार झाल्या, १९७७ साली खासदार झाल्या. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या. आज गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. मागच्या रांगेतल्यांच्या नावाचं काहीच नसतं, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. पण एक पुढारी घडतो तेव्हा त्याच्यामागे वस्तीवस्तीतून अशा शंभर बाया घडतात. त्या निवडणूक लढवत नाहीत, पक्ष बदलत नाहीत आणि मरेपर्यंत त्याच खोलीत राहतात. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आपण ओल्या विशेषणांपलीकडं जात नाही. 'निःस्वार्थी', 'प्रेमळ', 'देवमाणूस'. मावशी प्रेमळ होत्या असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. त्या तापट होत्या, हट्टी होत्या, सभेला न येणाऱ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहायची. बायकोला मारणाऱ्या एका भाडेकरूला त्यांनी भर चौकात चपलेनं मारलं होतं आणि नंतर त्याच्याच बायकोची बोलणी खाल्ली होती.

त्यांच्याकडे कसब होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. त्या कुणाचंही काम एकट्या जाऊन करून देत नसत. ज्याचं काम, त्याला बरोबर यावंच लागे. 'अर्ज तुमचा, तोंडही तुमचंच,' हे त्यांचं वाक्य. अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कारकुनाशी भांडायचं नाही, पण त्याचं नाव विचारून त्याच्यासमोरच वहीत लिहायचं. चहापाण्याला एक पैसा द्यायचा नाही. १९९९ साली महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डं आली, तेव्हा कुणाचं पिवळं आणि कुणाचं केशरी यावरून चाळीत रामायण झालं. मावशींनी घरोघरी बसून अर्ज भरून घेतले. २००५ साली माहितीचा अधिकार आला, तेव्हा त्या साठीच्या होत्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्यांनी पहिला अर्ज केला तो गटाराच्या झाकणांबद्दल. किती मंजूर झाली, किती बसवली, कोणत्या तारखेला. तीस दिवसांनी उत्तर आलं आणि त्याआधीच, पंचविसाव्या दिवशी, झाकणं आली.

आमच्या घराचीही एक गोष्ट आहे. १९९८ साली बाबांचा कारखाना बंद पडला. फंडाचे पैसे अडकले. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचे. त्या सुमारास माझ्या आईचं आणि मावशींचं बोलणं बंद होतं. कारण अर्थातच नळावरची एक बादली. एका दुपारी मावशी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. 'भांडण आपलं नळावरचं. कागद कुठं आहेत?' आईनं पत्र्याची पेटी उघडली. पुढचे तेरा महिने सातवी शिकलेली माझी आई मावशींबरोबर त्या कार्यालयात जात राहिली. पहिल्या खेपेला ती दारातच उभी राहिली होती. शेवटच्या खेपांना एकटी जाऊन 'साहेब, पोच द्या' म्हणत होती. चौदाव्या महिन्यात पैसे आले आणि माझी शाळा सुटायची वाचली. मावशींनी त्याबद्दल एक साडी घेतली नाही की एक पेढा जास्त उचलला नाही. बादलीवरून मात्र पुढच्याच आठवड्यात पुन्हा वाजलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. मी पंधरा वर्षांची होते. वीज गेलेली, कुणाचाच फोन लागत नव्हता, तळमजल्यात कमरेएवढं पाणी. मावशींचं स्वतःचं घर बुडालेलं. आणि त्या आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मेणबत्ती लावून वही घेऊन बसलेल्या. कोण घरी आलं नाही, शेवटचं कुठून निघालं, बरोबर कोण होतं, असं सगळं लिहून घेत होत्या. सतरा नावं होती. रडणाऱ्या बाईला त्यांनी जवळ घेतलं नाही, विचारलं, 'अंगात कोणत्या रंगाचा शर्ट?' तेव्हा मला ते निष्ठूर वाटलं होतं. पुढं पत्रकारितेची पदविका करताना बातमीसाठी नेमकं काय विचारायचं हे शिकवलं गेलं, आणि मला त्या रात्रीची वही आठवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोळा नावांवर काट बसली. सतरावा माणूस तिसऱ्या दिवशी चालत आला. त्या नावावर काट मारताना मात्र मावशींचा हात थरथरला, असं आई सांगते.

२०२० च्या टाळेबंदीत मुलीनं त्यांना बाहेर पडायला साफ मनाई केली. त्यांनी खिडकीला दोरी आणि टोपली बांधली आणि औषधांच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डं, पैसे सगळं तिथून चालवलं.

मृत्यू हा तर त्यांचा खास विषय. चाळीत कुणी गेलं, की रडारड सुरू होण्याआधी त्या डॉक्टरला बोलावत. घरी मरण आलं असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार, स्मशानात काय दाखवायचं, एकवीस दिवसांच्या आत नोंद कशी करायची, दाखल्याच्या किती प्रती काढून ठेवायच्या, हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि दर वेळी, घरच्यांचा अंदाज घेऊन, हळूच विचारायच्या, 'डोळे द्यायचे का?' कितीदा तरी लोकांनी त्यांना हाकलून दिलं असेल. काहींनी होकारही दिला.

त्या स्वतः गेल्या त्या पहाटे पाचच्या सुमाराला, झोपेत. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या मुलीनं पंखा बंद केला होता. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला होता, डोक्याखाली उशी घेऊन डोकं थोडं उंच केलं होतं. नेत्रपेढीला फोन झाला होता. सहा तासांच्या आत डोळे काढायला हवेत आणि पंख्याच्या वाऱ्यानं बुबुळं सुकतात, हे मावशींनी गेली कित्येक वर्षं आम्हाला ऐकवलं होतं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत तीस-चाळीस माणसं घामानं निथळत उभी होती. कुणी वर्तमानपत्रानंसुद्धा वारा घेतला नाही. डॉक्टर आले, पंधरा-वीस मिनिटांत काम झालं, चेहरा होता तसाच. एका म्हातारीनं विचारलं, 'मोतीबिंदू झालेले डोळे चालतात होय?' डॉक्टर म्हणाले, चालतात, आम्हाला बुबुळाचा पारदर्शक पडदाच हवा असतो. एवढं बोलणं सोडलं, तर सगळं मुकाट्यानं झालं.

तेराव्याऐवजी शोकसभा झाली. चौकात मंडप, फ्लेक्सवर मावशींचा चष्म्यातला फोटो. नगरसेवकपदाचे इच्छुक आले होते, ते बोलले. सगळ्यांच्या बोलण्यात देवी, माउली, वटवृक्ष होते. मग मुलगी उभी राहिली. ती पन्नाशीची आहे, शाळेत शिक्षिका आहे, भाषण करायची सवय आहे. ती म्हणाली, 'आईनं या चाळीतल्या प्रत्येकाचा अर्ज लिहिला. माझा दहावीचा निकाल आणायला मी एकटी गेले, कारण त्या दिवशी आई कुठल्यातरी कचेरीत रांगेत होती. बाबा रात्रपाळीहून आल्यावर चहा मी करायचे. मी तिच्यावर रागावले होते आणि अजूनही थोडी आहे. ती देवी नव्हती. देवी असती तर तिला दोन ठिकाणी एकदम हजर राहता आलं असतं.'

मंडपात कुणी चुळबुळलं नाही. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात मोठं आदराचं भाषण तेच होतं. आपण एखादीला देवी म्हणतो तेव्हा तिचा हिशेब मिटवून टाकतो, असं मला वाटतं. देवीला कंटाळा येत नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत, तिच्या घरी चहा कोण करतं हे विचारावं लागत नाही. आणि देवी गेली की आपल्याकडून तिच्यासारखं होणं शक्य नसतं, म्हणून आपण सुटतो. मावशींचे गुडघे दुखत होते. वॉर्ड ऑफिसचे जिने चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या आणि थांबल्याचं कळू नये म्हणून पदरानं चष्मा पुसायच्या. त्या कामाची किंमत होती आणि ती त्यांच्या मुलीनं पन्नास वर्षं भरली. चाळीनं ती फुकटात घेतली. यात माझं घरही आलं.

सभेनंतर बरीच चर्चा झाली. चौकाला नाव द्यावं, बाक ठेवावा, दरवर्षी वह्यावाटप करावं. बाक ठेवायला माझी हरकत नाही, म्हाताऱ्यांना बसायला होईल. त्यांच्या वह्या मात्र मुलीनं कुणाला दिल्या नाहीत. शंभर पानी, दोनशे पानी, मिळून एकोणतीस वह्या आहेत. नाव, काम, तारीख, आवक क्रमांक, साहेबाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात 'झालं' किंवा 'नाही'. 'नाही' पुष्कळ आहेत. मी एक दुपारभर त्या चाळल्या. १९९८ च्या वहीत आमचं पान सापडलं. तेरा ओळी, तेरा तारखा, सगळ्यांपुढं 'नाही'. चौदाव्या ओळीत 'झालं', आणि कंसात, 'बाईंनी स्वतः केलं'.

परवा रविवारी मी तिथं बसले असताना कडी वाजली. पलीकडच्या वस्तीतली एक बाई, पंचविशीची, कडेवर मूल. नवरा गेला होता. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा होता. 'मावशी आहेत का?' असं तिनं विचारलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगी क्षणभर दारात तशीच उभी राहिली. तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिका पलंगावर पसरल्या होत्या, आणि ती या कामाला कधीच हात लावणार नाही असं मला तिनं त्या आधी तासाभरापूर्वीच सांगितलं होतं. मग तिनं उत्तरपत्रिका गोळा करून एका बाजूला ठेवल्या आणि बाईला बसायला जागा केली.

'रेशनकार्ड आणलंय? आणि त्यांच्या मृत्यूचा दाखला?'

रेशनकार्डाची झेरॉक्स होती. दाखला अजून काढलेला नव्हता.