मीं कांहीं दाबलें नाहीं

न दिसणाऱ्या वस्तूंवर विश्वास ठेवण्याची संवय आमच्या समाजाला नवीन नाहीं. पिंपळावरचा मुंजा, दृष्ट, साडेसाती यांपैकीं कोणीहि कधीं डोळ्यांना दिसल्याचें ऐकिवांत नाहीं. तरी त्यांचा बंदोबस्त कसा करावा हें प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्यांस तोंडपाठ असतें. वाय-फाय ही या पंक्तीला अगदीं अलीकडे येऊन बसलेली वस्तु होय. ती आहे तोंवर तिची कोणी वास्तपुस्त करीत नाहीं; रुसली म्हणजे मात्र घरांतील प्रत्येकजण आपापला उतारा घेऊन पुढें सरसावतो. आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत ती लॅपटॉपवर रुसली, आणि तो रुसवा चांगला दीड महिना टिकला.

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचें काय मोठेंसें! लॅपटॉप चालेना तर मोबाइल आहेच. आमच्या घरापुरतें हें उत्तर पुरत नाहीं, आणि तें आमच्या थोरल्या वहिनींमुळें. वहिनींनीं ऐंशी ओलांडली आहे व गेल्या कांहीं वर्षांत त्यांना ऐकूं येणें जवळजवळ बंद झालें आहे. कानाचें यंत्र दोनदां आणलें, आणि दोनदां तें पेटींत गेलें. परंतु समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणें ओळखतात. सर्वांचें नव्हे, पण आपल्या मुलाचें बिनचूक. हा आमचा पुतण्या व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. भर समुद्रांत चित्रासह बोलण्याइतका संपर्क त्याला क्वचितच मिळतो. जहाज बंदराला लागलें म्हणजे पंधरा-वीस मिनिटें सांपडतात, तींहि वेळीं-अवेळीं. मोबाइलच्या चार बोटें रुंद कांचेवर वहिनींना त्याचे ओठ वाचतां येत नाहींत, लॅपटॉपच्या पडद्यावर येतात. संपर्क तुटला कीं चित्र थिजतें, पुतण्याचें तोंड अर्धवट उघडें राहतें, आणि वहिनी त्या अर्ध्या अक्षराकडे टक लावून बसतात.

असें तीन-चारदां झाल्यावर घरांत निकाल लागला, कीं वहिनींच्या हातून कोठें तरी बटण दाबलें जात असावें. पुरावाहि भक्कम होता. तोच लॅपटॉप घेऊन नातू रात्रीं तासन् तास बसे, सूनबाई आपलें कचेरीचें काम करीत, चिरंजीव क्रिकेट पाहत. कोणाच्याहि वेळीं संपर्क तुटत नसे. तुटे तो वहिनींच्याच वेळीं. कारण न सांपडणाऱ्या बिघाडाचें खापर घरांतल्या सर्वांत धाकट्या किंवा सर्वांत थोरल्या माणसाच्या डोक्यावर फुटतें, आणि आमच्या घरीं धाकट्याला संगणक येतो. "भाऊजी, मीं कांहीं दाबलें नाहीं," असें वहिनी आम्हांस दोनदां म्हणाल्या. तिसऱ्या वेळीं म्हणाल्या नाहींत. पडद्यासमोर बसतांना त्या दोन्ही हात पदराखालीं घेऊन बसूं लागल्या. तें पाहिल्यावर या प्रकरणाची रीतसर चौकशी करण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

चौकशींतला पहिला प्रश्न अगदीं साधा आहे, आणि तोच बहुधा कोणी विचारीत नाहीं. बाहेरून घरांत येणारी तार तुटते, कीं घरांतला राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधील बिनतारी दुवा तुटतो? हीं दोन निरनिराळीं दुखणीं आहेत. लॅपटॉपशेजारीं एक मोबाइल त्याच राउटरला जोडून ठेवावा. दोघेहि एकदम मुके झाले तर दोष राउटरचा किंवा तारेचा. मोबाइल चालत राहिला तर दोष लॅपटॉपच्या अंगाचा. आमचा मोबाइल प्रत्येक वेळीं चालत राहिला. एवढें कळल्यावरहि चिरंजीवांनीं इंटरनेट पुरविणाऱ्या मंडळींस दोनदां बोलाविलें. आणि त्यांनीं राउटर बंद करून चालू करा, हें लंघनासारखें सर्व रोगांवर चालणारें औषध सांगून दोनदां निरोप घेतला.

मग भिंतींवर संशय गेला. आमचें घर रत्नागिरीकडचें, जांभ्याच्या चिऱ्यांचें. राउटर ओटीवर, वहिनींची खोली माजघराच्या पलीकडे. मध्यें दोन जाड भिंती, आणि पावसाळाभर त्या पाणी पीत असतात. बिनतारी लहरी भिंतींतून जातात हें जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास लोकांदेखत सिद्ध केलें होतें. त्यांच्या लहरींनीं भिंतीपलीकडची घंटा वाजविली. पण जातात म्हणजे फुकट जात नाहींत. प्रत्येक भिंत आपली जकात कापून घेते, आणि ओली भिंत अधिक कापते. राउटर बहुधा दोन जातींच्या लहरी वापरतो. एकींत सेकंदाला सुमारें २४० कोटी कंपनें असतात, दुसरींत ५०० कोटींहून अधिक. दुसरी मजकूर झपाट्यानें वाहते, परंतु भिंतीपुढें लवकर हार खाते. आम्हीं लॅपटॉप पहिल्या जातीवर आणून पाहिला. राउटरपासून चार हातांवर ओटीवरच मांडून पाहिला. तेथेंहि एकदां तुटला, तेव्हां भिंती निर्दोष सुटल्या.

सूनबाईंच्या मायक्रोवेव्ह शेगडीचीहि झडती झाली. ही शेगडी सेकंदाला सुमारें २४५ कोटी कंपनांवर चालते, म्हणजे पहिल्या जातीच्या लहरींच्या अगदीं आळींतच राहते, आणि तिच्या दारांतून थोडी गळती झाली तरी शेजारच्या संभाषणाला बाध येऊं शकतो. या आळींत अशी गर्दी होण्याचें कारण ती सर्वांना मोकळी आहे. आमच्या वडिलांना रेडिओ नुसता ऐकण्यासाठीं टपाल कचेरींत परवान्याचे पैसे भरावे लागत, २.४ गिगाहर्ट्झच्या या पट्ट्यांत कमी शक्तीचीं यंत्रें परवान्यावांचून वापरण्याची मुभा मात्र आपल्या सरकारनें २००५ सालीं दिली. जेथें परवाना नाहीं तेथें गर्दी व्हावयाचीच. पंधरा दिवस पुतण्याच्या वेळेला घरांत दूध गरम करण्यास बंदी होती. संपर्क तुटावयाचा तो तुटतच राहिला, आणि दूध थंड पिण्याची पाळी मात्र आमच्यावर आली.

अखेरीस आम्हीं एक वही घातली. तारीख, वेळ, लॅपटॉपपुढें कोण, तो कोठें ठेविला होता, आणि विजेच्या तारेला जोडला होता कीं नाहीं, इतकीं कलमें. हें शेवटचें कलम आम्हीं निव्वळ हिशेबी स्वभावानें घातलें होतें. पण नऊ दिवसांनीं वही उघडली तेव्हां त्या कलमानेंच साक्ष दिली. अकरा वेळां संपर्क तुटला होता, आणि अकराहि वेळां लॅपटॉप बॅटरीवर होता. नातू, सूनबाई, चिरंजीव हीं सर्व मंडळी मेजाशीं बसतात. मेजाशेजारीं विजेची सोय आहे, आणि चार्जर तेथें लावलेलाच असतो. वहिनी बसतात त्या खिडकीजवळच्या आरामखुर्चींत, कारण तेथें पडद्यावर उजेड पडत नाहीं व ओठ स्पष्ट दिसतात; आणि त्या भिंतीला विजेचें कांहींच नाहीं. खात्रीसाठीं आम्ही स्वतः त्या खुर्चींत बसलों. बॅटरीवर, हात न लावतां, तिसाव्या मिनिटाला संपर्क तुटला. त्याच खुर्चींत, शेजाऱ्यांकडून लांब तारेचा जोड आणून विजेवर दोन तास बसलों. एकदांहि तुटला नाहीं.

पुढचें नातवानें शोधलें, आणि त्याचें श्रेय त्यालाच आहे. बॅटरी पुरवून वापरावी म्हणून लॅपटॉपला काटकसरीचे हुकूम दिलेले असतात, व बिनतारी यंत्राचाहि त्यांत समावेश असतो. बॅटरीवर असतांना एक हुकूम, विजेवर असतांना दुसरा. या काटकसरीची रीत मोठी मनोरम आहे. राउटर सेकंदाला सुमारें दहा वेळां एक लहानशी दवंडी पिटतो: मी येथें आहें, आणि अमक्या यंत्राचें टपाल माझ्यापाशीं पडलें आहे. काटकसरी यंत्र दोन दवंड्यांच्या मध्यें डुलकी घेतें, दवंडीच्या क्षणीं कान टवकारतें, टपाल असल्यास घेतें आणि पुन्हां डुलकी. मात्र डुलकी किती घ्यावी याविषयीं राउटर व लॅपटॉप यांचें एकमत असावें लागतें. तें नसलें म्हणजे दवंड्या चुकतात, आणि बऱ्याच चुकल्या कीं राउटर अस्तित्वांतच नाहीं असें समजून लॅपटॉप दुवा सोडून देतो. काटकसरीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. कोंकणांत राहून तशी कोणाची छाती नाहीं. पण दिवा घालवावयाचा तो खोली रिकामी झाल्यावर, आंत माणूस वाचीत बसलें असतां नव्हे.

नातवानें दोन ठिकाणीं बदल केले. वीज वांचविण्याच्या हुकुमांत, बिनतारी यंत्रानें बॅटरीवरहि पुऱ्या शक्तीनें काम करावें असें लिहिलें. आणि त्या यंत्राच्या गुणधर्मांच्या पानावर, वीज वांचविण्यासाठीं तें बंद करण्याची संगणकाला परवानगी होती, ती खूण काढली. सारें काम पांच मिनिटांचें. बॅटरी आतां पूर्वीपेक्षां थोडी लवकर उतरते, एवढीच त्याची किंमत.

नंतर त्यानें पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून वहिनींना दाखविलें, कीं दोष यंत्राचा होता, तुमचा नव्हता. त्यांनीं चष्मा लावून तें वाचलें, "मीं तेंच सांगत होतें," म्हणाल्या, आणि पाटी पुसून त्याच्या हातीं दिली. श्रावणांत जहाज कोलंबोला लागलें तेव्हां बावीस मिनिटें बोलणें झालें, आणि एकदांहि चित्र थिजलें नाहीं. वहिनींचे हात तेव्हांहि पदराखालींच होते.