न पोहोचलेली पत्रे

नेदरलँड्समधील हेग आज मोठे शहर आहे. सतराव्या शतकात मात्र त्याला ना तटबंदी होती, ना नगराचा दर्जा; दरबार आणि वकिलाती यांनी गजबजलेले ते एक गावच म्हणायचे. तेथे १६७६ ते १७०७ या काळात सिमोन द ब्रिएन्न हे पोस्टमास्तर होते. पत्नी मारी जर्मेन या कामात त्यांच्या जोडीला असत.

त्या काळी टपालखर्च पत्र घेणाऱ्याने द्यावयाचा असे. आपल्याकडे ज्याला 'नॉटपेड' म्हणत, तोच तेव्हाचा सरसकट रिवाज. घेणारा वारला, गाव सोडून गेला वा त्याने नकार दिला, तर पैसे बुडाले. ब्रिएन्न यांनी अशी पत्रे फेकली नाहीत. कोणी तरी येईल, पैसे भरील, या आशेने ती पेटाऱ्यात ठेवली. यात भूतदया नव्हती, हिशेब होता. पण त्या हिशेबाचे आम्ही ऋणी आहोत. सुमारे २,६०० पत्रे, त्यांपैकी ६०० कधीच न उघडलेली! १९२६ साली हा पेटारा हेगच्या टपाल संग्रहालयास मिळाला.

१६८५ साली चौदाव्या लुईने नांटचा फर्मान रद्द केला, तेव्हा हजारो प्रॉटेस्टंट कुटुंबे फ्रान्स सोडून डच भूमीत आली. ताटातूट झालेल्या अशा घरांची पत्रे पेटाऱ्यात आहेत. ती घरे कॅथलिक राजाच्या आज्ञेने मोडली, हे लिहिताना आमची मान खाली जाते.

एक पत्र हेगमधील धनिक व्यापाऱ्यास आहे. पॅरिसला गेलेल्या एका गायिकेला परत यावयाचे आहे, मदत करा, असे तिच्या वतीने मैत्रीण विनवते. गायिकेस दिवस गेले असावेत, असे मजकुरावरून दिसते. व्यापाऱ्याने पत्र घेतलेच नाही.

तेव्हा लिफाफे नसत. कागदच घड्या घालून बंद करीत. दातांच्या संशोधनासाठी बनविलेल्या क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने एक बंद पत्र घडी न मोडता वाचल्याचे २०२१ साली जाहीर झाले. परक्याचे बंद पत्र वाचावे काय, हा प्रश्न आम्हांस पडलाच. त्यात निघाले काय? ३१ जुलै १६९७ रोजी जाक सेनाक याने हेगमधील व्यापारी चुलतभाऊ पियेर ल पेर याच्याकडे दानियेल ल पेर याच्या मृत्यूच्या नोंदीचा प्रमाणित उतारा मागितला होता. असा उतारा मागणारी माणसे धर्मग्रामाच्या कचेरीत आम्हांस नित्य भेटतात. पाच मिनिटांचे काम असते. जाकचे पत्र पियेरच्या हाती पडलेच नाही.