खारीचा वाटा

मांजर आणि दूध ही जोडी आपल्याकडे इतकी पक्की आहे की मांजराला आणखी काही लागतं का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आमच्या खारीच्या आधीच्या घरातही तो कुणाला पडला नव्हता. आमच्या शेजारचं कुटुंब बदली होऊन भुवनेश्वरला गेलं आणि जाताना आपली दोन वर्षांची मांजरी आमच्याकडे देऊन गेलं. सोबत एक वाटी, एक टॉवेल आणि तोंडी सूचना: सकाळी दूध-पोळी, दुपारी दूधभात, संध्याकाळी चहाच्या वेळी खारी बिस्कीट. आधीचं तिचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. आजीने पहिल्याच संध्याकाळी तिला खारीचा तुकडा पंजाखाली दाबून खाताना पाहिलं आणि नवं नाव ठेवून टाकलं.

आम्ही मूळचे रायपूरच्या तात्यापाऱ्यातले. बाबांचं ऑफिस मंत्रालयात, म्हणून काही वर्षांपूर्वी नवा रायपुरला राहायला आलो. इथे रस्ते रुंद, माणसं कमी, आणि चिकनचं दुकान पार गावाच्या वाटेवर. त्याने आमचं काही अडत नव्हतं, कारण आमचं घर पूर्ण शाकाहारी. अंडंसुद्धा नाही.

मी घरून कंटेंट रायटिंग करते. बी.ए. इंग्रजी झालेल्या मुलीला जगातल्या कुठल्याही विषयावर लिहिता येतं, असा क्लायंट मंडळींचा समज असतो. गेल्या वर्षी एका परदेशी क्लायंटने फेरेट पाळणाऱ्यांसाठी लेख मागितला. विषय असा: हट्टी फेरेटला संतुलित कच्चं मांस खायला कसं शिकवावं. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लांबुडका प्राणी, पण कूळ मुंगसाचं नाही, पाणमांजराचं. तिकडे लोक तो मांजरासारखा घरात पाळतात. त्याचं आतडं इतकं आखूड असतं की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य, भाजी, फळं पचवायला त्याला वेळच मिळत नाही. आणि पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं अन्न मिळालं, तेवढंच अन्न, अशी त्याची समजूत होऊन बसते. पुढे समोर ताजं मांस ठेवलं तरी तो त्याला खाणं मानत नाही.

हे वाचत होते तेव्हा खारी माझ्या कीबोर्डशेजारी झोपली होती. त्याच लेखासाठी जमवलेल्या माहितीत एक ओळ होती, की या बाबतीत फेरेट आणि मांजर एकाच पंगतीतले. दोघेही मांसावाचून जगू न शकणारे. कुत्रा दूध-पोळीवर बरंच निभावून नेतो, मांजर नाही. गाजरातल्या रंगापासून 'अ' जीवनसत्त्व आपण शरीरात बनवतो, मांजराला ते जमत नाही. आणि टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला रोजच्या खाण्यातूनच लागतं. ते स्नायूंत असतं, हृदयात सगळ्यात जास्त, आणि धान्यात जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय सैल पडून फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यांनी हे हृदयाचं दुखणं टॉरिनशी जोडलं. त्या काळी दुकानात मिळणारं मांजरांचं तयार खाद्यही यात कमी पडत होतं. पण याच संशोधनातली चांगली बातमी अशी, की टॉरिन वेळेवर दिलं तर हृदय बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकतं.

खारी दिवसातले वीस तास झोपायची. सगळे त्याला गोड म्हणायचे. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ऐकत राहिले. मग एक्स-रे. हृदयाची सावली वयाच्या मानाने मोठी होती. "खाते काय?" त्यांनी विचारलं. मी खारी बिस्किटाचं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. टॉरिनची पूड त्याच दिवशी सुरू झाली आणि आहार पूर्ण बदलायचा असं ठरलं.

खरी लढाई यानंतरची. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं मांजरांचं तयार खाद्य, आणि ज्यांची मांजरं ते खातात त्यांनी तेच द्यावं असं माझं सरळ मत आहे. खारीने तीन प्रकारचं कोरडं खाद्य आणि दोन प्रकारचं ओलं, पाचही नाकारलं. मग उकडलेलं चिकन मऊ कुस्करून ठेवलं. तिने वास घेतला, आणि मांजरं शी केल्यावर जशी माती ओढतात तशी फरशी खरवडून ते झाकायला लागली. आई हसून हसून बेजार. मला रडू येत होतं.

बाबांचा उपाय साधा होता: "उपाशी ठेव. भूक लागली की दगड पण खाईल." आपल्या मुलांना आपण असंच म्हणत आलोय. पण मांजराच्या बाबतीत हा उपाय जिवावर बेततो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की तिच्या अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत बंद पडू शकतं. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. डॉक्टरांनी बजावलं होतं, चोवीस तास काही खाल्लं नाही तर फोन करायचा. म्हणजे हिला जे नको तेच द्यायचं, आणि उपाशीही ठेवायचं नाही.

इथे फेरेटवाल्यांच्या युक्त्या कामी आल्या. ते नवं अन्न जुन्या अन्नात लपवतात, थेंबाथेंबाने. मी खारीला नेमकं काय आवडतं ते आधी पाहिलं. मांजरांना गोड चव कळतच नाही. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की गोड ओळखणारा त्यांचा एक जनुक बंदच पडलेला आहे. म्हणजे दुधात तिला हवी होती ती साय, आणि खारीत हवं होतं ते तूप आणि मीठ. पहिल्या दिवशी दूध-पोळीत चिकनच्या पाण्याचे पाच थेंब. तिने दोनदा वाटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्लं. चौथ्या दिवशी अर्धा चमचा. आठवड्याने दूध निम्मं आणि चिकनचं पाणी निम्मं. मग त्यात मिक्सरमधून अगदी पेजेसारखं केलेलं चिकन, वरून पोह्यांवर शेव भुरभुरावी तसा खारीचा चुरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम झाला. वास बदलला असेल तर त्या आठवड्यात जाडसरपणा बदलायचा नाही.

दुसरी युक्ती तापमानाची. फ्रिजमधलं गार अन्न मांजराला मेलेलं वाटतं, आणि ते खरंच असतं म्हणा. वाटी गरम पाण्यात ठेवून अन्न अंगाइतकं कोमट केलं की वास सुटतो. तिसरी युक्ती वेळेची. दिवसभर भरलेली वाटी उचलली आणि चार ठरलेल्या वेळा लावल्या, प्रत्येकी वीस मिनिटं. थोडी भूक आणि उपासमार यांत फरक आहे, तो सांभाळायला मी दर दोन दिवसांनी तिला घेऊन वजनकाट्यावर उभी राहायची, मग एकटी. त्या निमित्ताने माझंही वजन घरात जाहीर झालं.

एकदा ती जवळपास बावीस तास वाटीला शिवली नाही. त्या रात्री मी पुन्हा पाच थेंबांवर आले, आणि पुढचे दहा दिवस तिथून परत चढत गेले. एकूण सात आठवडे लागले. आठव्या आठवड्यात तिने खिम्याएवढे तुकडे खाल्ले आणि वाटी चाटून पुसून ठेवली.

कच्चं का नाही, हे विचाराल तर त्याचं उत्तर आमच्याकडे नागपूरहून आलं. आमचे निम्मे नातेवाईक तिथेच असल्यामुळे तिकडची बातमी इथे लगेच पोचते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेले आणि बर्ड फ्लू निघाला. संशय त्यांना दिलेल्या कोंबडीच्या मांसावर होता. पाठोपाठ जानेवारीत छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला, आणि त्याच सुमारास आमच्या छत्तीसगडमध्ये रायगडच्या सरकारी कोंबडी केंद्रातही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये तर कच्चं गोठवलेलं खाद्य खाऊन एक घरातली मांजर गेली होती. मांस गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, नीट शिजवल्याने मरतो. वाघांची ही गत, तर वाघाच्या मावशीचं काय? फेरेटवाले कच्च्या मांसाचं कितीही कौतुक करोत, आमच्याकडे शिजवलेलंच असं मी आणि डॉक्टरांनी ठरवलं.

शिजवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच कालवायचं. आणि शिजलेलं हाड कधीच नाही, ते टोकदार फुटतं. पण हाड नाही म्हणजे कॅल्शियम नाही, हा सगळ्यात मोठा खड्डा. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. असंच देत राहिलं तर शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. नुसतं उकडलेलं चिकन घालणाऱ्या घरांतही मांजरं आजारी पडतात ती यामुळे. खारीसाठी डॉक्टरांनी किलोभर मांसाला चहाचा एक चमचा अंड्याच्या कवचाची बारीक पूड सांगितली आहे. मांस छातीचं नाही, मांडीचं, कारण गडद मांसात टॉरिन जास्त. त्यात थोडं हृदय. कलेजी किलोमागे पन्नास ग्रॅम, वर नाही. जास्त कलेजीने 'अ' जीवनसत्त्व साठून मानेची हाडं जखडतात. शिवाय टॉरिनची पूड आणि जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण. कांदा-लसूण अजिबात नाही, ते मांजराला विष आहे. हे प्रमाण खारीचं आहे. तुमच्या मांजरासाठी तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या शंभराहून जास्त घरगुती पाककृती तपासल्या, आणि ज्यांचा हिशोब करता आला त्यांतली एकही मांजराच्या सगळ्या गरजा पुरवत नव्हती.

आता राहिला आजीचा प्रश्न. बहात्तर वर्षांत जिच्या स्वयंपाकघरात अंडं फुटलं नाही, तिच्या घरात कलेजी शिजणार होती. मी आठवडाभर शब्द जुळवत होते. तिने सगळं ऐकून घेतलं, एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला, आणि अटी सांगितल्या: मागच्या गॅलरीत वेगळी इंडक्शन शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळी घासणी, आणि शनिवारी नाही. अंड्याची कवचं खालच्या पोह्यांच्या गाडीवाल्याकडून आणायची, घरात अंडं फोडायचं नाही. मला या अटी रास्त वाटल्या. काही घरांत मांजरालाच शाकाहारी करतात आणि त्याला संस्कार म्हणतात. ते मला पटत नाही. माणसाने स्वतःच्या ताटाबद्दल घेतलेलं व्रत दुसऱ्या जिवाच्या हृदयावर का लादायचं? आजी तर आता शेजारणींना सांगते, "तिला वरणभात देऊ नका हो, तिचं पोट तसं नाही."

रविवारी सकाळी मी स्कूटीवर चिकन आणायला जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरच उभी होते, ओढणी नाकाला लावून. मांडी, हृदय आणि थोडी कलेजी, असं मोजून मागितल्यावर दुकानदाराने विचारलं, "बिलई बर?" छत्तीसगडीत बिलई म्हणजे मांजर. आता तो हृदयं वेगळी बाजूला काढून ठेवतो.

चार महिन्यांनी दुसरा एक्स-रे झाला. सावली थोडी लहान झाली आहे. डॉक्टर 'थोडी' या शब्दावर जोर देतात, मीही देते. खारी आता दुपारी जागी असते, पडद्यावर चढते, आणि परवा तिने गॅलरीत एक पाल धरली, ज्याबद्दल घरात मतभेद आहेत. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे. फ्रीझरमध्ये आत्ता नऊ डबे आहेत, खालच्या कप्प्यात, आजीच्या ओल्या नारळापासून शक्य तितके लांब.