आईच्या उंचीचं टेबल

कॉन्व्हेंटमध्ये दर सोमवारी असेंब्लीत युनिफॉर्म चेक व्हायचा. पिनाफोरच्या प्लीट्स सरळ नसल्या की रांगेतून बाहेर! दहा वर्षांत मी एकदाही बाहेर निघाले नाही आणि त्याचं श्रेय मी स्वतःकडेच घ्यायची. खरं तर पहाटे साडेपाचला आई जुनी सोलापुरी चादर चौघडी करून जमिनीवर अंथरायची आणि मांडी घालून एकेक प्लीट दाबत बसायची.

मागच्या मे महिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, "गुडघे सांभाळा, खाली बसणं बंद." आई हो म्हणाली आणि संध्याकाळी पुन्हा खाली बसून इस्त्री करू लागली. उभं राहून करायला घरात जागाच नव्हती. मग मी जाहीर केलं, की स्वयंपाकघरामागे, वॉशिंग मशीनशेजारच्या भिंतीवर मी घडीचं टेबल बसवणार. "इंजिनिअर आहे ना मी!" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अजून व्हायची आहेस."

फळी कापून आणली, दोन छोट्या ब्रॅकेटवर लावली. पहिल्याच दिवशी आईने जोर दिला आणि स्क्रू प्लास्टरसकट बाहेर! कॅन्टिलिव्हरची गणितं मी परीक्षेत सोडवली होती, घरात मात्र साफ विसरले. फळी भिंतीपासून ७५ सेंमी पुढे, टोकावर १० किलोचा जोर आणि वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये अंतर फक्त १० सेंमी. म्हणजे वरच्या स्क्रूंवर ७५ किलोची ओढ! तेच अंतर ३० सेंमी केलं की ओढ २५ किलोवर येते. दुसऱ्यांदा तेवढे लांब ब्रॅकेट आणले आणि बोल्ट प्लास्टरपलीकडे थेट विटेत बसवले. नळापासून लांब १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे मात्र इलेक्ट्रिशियनकाकांनी केलं. ओल्या जागेत माझे प्रयोग नकोत, हे बाबांचं म्हणणं मलाही पटलं.

टेबल आता जराही हलत नव्हतं. तरी दोन दिवसांनी आई पुन्हा जमिनीवर! मी चिडले. तर म्हणाली, "अगं, खांदे भरून येतात. तुझी उंची वेगळी, माझी वेगळी. एवढंपण शिकवत नाहीत का कॉलेजात?"

३६ इंच ही उंची मी स्वतः उभी राहून ठरवली होती. आई माझ्यापेक्षा सहा इंचांनी बुटकी. दाबून करायच्या कामाला टेबल कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली लागतं. मी भिंत मोजली, फळी मोजली, मशीन मोजलं. आईला मोजलंच नाही.

नंतर वाचलं, की १८९२ साली अमेरिकेत सारा बून या कृष्णवर्णीय बाईने इस्त्रीच्या सुधारित फळीचं पेटंट घेतलं. फळी अरुंद आणि वळणदार, बायकांच्या कपड्यांच्या बाह्या नीट बसाव्यात म्हणून. ती स्वतः कपडे शिवायची. बाही कुठे अडते, हे तिला कोणाला विचारावं लागलं नसेल. मला विचारायला हवं होतं, आणि आई तर शेजारच्या खोलीतच होती.

मग आईला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि पेन्सिलने खूण केली. टेबल ३२ इंचांवर आलं. फळीवर तीच जुनी चादर ताणून बसवली. आई आता उभी राहून इस्त्री करते.

माझे कपडे मात्र मीच करते. थोडं वाकावं लागतं, पण चालतं.