पल्याडची रात्र

दहावीची परीक्षा झाली नि मी तापोळ्याला मामाकडं गेलो. कोयनेच्या धरणात मामाची खाचरं बुडाली, उरलेलं रान शिवसागराच्या पल्याड. जायचं होडीनंच. मामानं वल्हं माझ्या हाती दिलं.

"पाण्याला मारू नगंस, मागं ढकल."

तरी होडी गोल फिरायची. मध्यावर वारं सुटलं, पाणी आत यायला लागलं. मामा डब्यानं उपसत ओरडला, "तोंड लाटंकडं धर! आडवी झाली की संपलं!"

काठाला लागलो तेव्हा तळहातावर फोड आणि अंधार. तिथंच तीन दगडांवर भात शिजवला, घोंगडी अंथरली. अस्वलाच्या भयानं जाळ विझू दिला नाही. झोप कसली येतीय! मामा पाण्याकडं बोट दाखवत होता, "ते आपलं घर. त्याच्या म्होरं आंबा." मला नुसतं काळं पाणी दिसत होतं.